दसऱ्याचं तोरण उन्हाळ्यात बांधा



दसऱ्याच्या दिवशी वाशिमच्या पाटणी चौकात दोन वेळा जाऊन बघा. एकदा सकाळी सातला आणि एकदा संध्याकाळी सातला. सकाळी झेंडूचे डोंगर असतात, भावाची घासाघीस चालते, पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी तोच झेंडू रस्त्याच्या कडेला पडलेला असतो आणि त्यावर जनावरं तोंड घालत असतात. विकणारा तो परत घरी नेत नाही, कारण गाडीभाड्याइतकीही त्याची किंमत उरलेली नसते.

एका वर्षी त्या गर्दीत मीही बसले होते. सोबत माझ्या जाऊबाई आणि शेजारच्या मावशी. आदल्या दिवशी २० किलो झेंडू ६० रुपये किलोने घेतला, म्हणजे १,२०० रुपये. आंब्याची पानं, दोरा आणि ऑटोचं भाडं धरून आणखी ३००. रात्री दहाला बसलो आणि पहाटे तीनपर्यंत ६० तोरणं ओवली. सकाळी सातला चौकात. पहिली २२ तोरणं ७० रुपयांनी हातोहात गेली. मला वाटलं, जिंकलं! नऊनंतर शेजारच्या पाटीवाल्याने भाव पाडला. मग १६ तोरणं ४० ने दिली, ११ तोरणं २० ने दिली, आणि दुपारी एक वाजता ११ तोरणं तशीच उरली.

गल्ल्यात २,४०० रुपये आले. खर्च १,५०० जाऊन ९०० उरले. मी खूश होते. जाऊबाईंनी मात्र बोटांवर तास मोजले. रात्रीचे पाच, सकाळचे सहा. अकरा तास, तीन बाया, म्हणजे ३३ तास. ९०० भागिले ३३ केलं तर तासाला २७ रुपये. त्या म्हणाल्या, "याच्यापेक्षा सोंगणीले गेलो असतो त बरं झालं असतं."

खरंच होतं. त्या आठवड्यात शेतात सोयाबीनच्या सोंगणीला बाई मिळत नव्हती आणि मजुरी आमच्या २७ रुपयांच्या दुपटीहून जास्त होती. आम्ही रात्र जागून तोटा विकत घेतला होता, आणि मी त्याला नफा म्हणत होते.

आजचा लेख त्या तोट्यातून निघालेल्या धंद्यावर आहे. दाराचं तोरण हा धंदा चांगला आहे, फक्त तो दसऱ्याच्या आदल्या रात्री सुरू करायचा नसतो. तो मार्चमध्ये सुरू करायचा असतो.

आपलं गणित कुठे चुकलं?

पहिली गोष्ट, ताज्या फुलांचा धंदा एका सकाळचा आहे. झेंडू आज घेतला तर उद्या विकायलाच लागतो. तुमच्याकडे थांबायची सोय नाही, आणि ज्याच्याकडे थांबायची सोय नाही त्याचा भाव समोरचा ठरवतो.

दुसरी गोष्ट, तुमचा माल आणि शेजारच्या पाटीवरचा माल सारखाच आहे. गिऱ्हाईक फक्त एकच प्रश्न विचारतं, "कितीले?" जिथे फरक दिसत नाही तिथे स्वस्त देणारा जिंकतो.

तिसरी गोष्ट खास आपल्या जिल्ह्याची आहे. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, सहाही तालुक्यांत खरिपाचं मोठं पीक सोयाबीन. दसऱ्याच्या आगेमागे त्याची सोंगणी आणि मळणी असते. म्हणजे वर्षात ज्या आठवड्यात बायांच्या हाताला सगळ्यात जास्त दाम असतो, नेमक्या त्याच आठवड्यात आपण ते हात तोरणाला लावतो. याउलट एप्रिल-मे महिन्यात शेतात काम कमी असतं, दुपारी ऊन इतकं असतं की घराबाहेर पडवत नाही, आणि हात रिकामे असतात.

या तिन्ही गोष्टींना एकच उत्तर आहे: टिकणारं तोरण. धान्याच्या ओंब्यांचं, उन्हाळ्यात बांधून ठेवलेलं आणि दसरा-दिवाळीला विकलेलं.

हे आपलंच आहे, परकं नाही

युरोप-अमेरिकेत शरद ऋतूत दारावर गोल तोरण टांगतात. त्यात गव्हाच्या ओंब्या, मक्याची पानं, सुकलेली फुलं असतात. इंग्लंडात शेतातल्या शेवटच्या पेंढीच्या ओंब्या विणून घरात जपून ठेवायची जुनी प्रथा होती. पण पीक घरात आलं की ते दाराला लावायचं, ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

कोकणात आश्विनात दाराला 'नवं' बांधतात. त्यात भाताच्या लोंब्या, नाचणी, कुरडूची फुलं, आंब्याचं पान असतं. आपल्या वऱ्हाडात पोळ्याला गावाच्या आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली बैलजोड्या उभ्या राहतात, झडत्या होतात, आणि मानाच्या माणसाने तोरण तोडलं की पोळा फुटतो. म्हणजे श्रावण अमावस्येपासून दिवाळीपर्यंतचे दोन-अडीच महिने हा आपल्याकडे तोरणांचाच हंगाम आहे. गंमत म्हणजे ज्या झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही, तो झेंडू मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. बाहेरची वस्तू आपण आपली केली. मग घरच्या गव्हाला दारावर जागा द्यायला काय हरकत आहे?

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. सुकलेला झेंडू तोरणात वापरायचा नाही. आपल्याकडे वाळलेलं फूल म्हणजे निर्माल्य, ते दाराला कुणी लावून घेणार नाही. धान्याचं तसं नाही. धान्य वाळलेलंच घरात येतं, आणि दाराशी धान्य म्हणजे लक्ष्मी. त्यामुळे पाया ओंब्यांचा ठेवा आणि त्यात ताजी फुलं खोचायला जागा सोडा. गिऱ्हाईक दसऱ्याच्या सकाळी पाच झेंडू आणि दोन आंब्याची पानं स्वतः खोचेल. पूजेला ताजं ते ताजं राहतं, आणि तुमचं तोरण दिवाळीपर्यंत दारावर राहतं.

गोल तोरण का? कारण नवीन घरांना आणि फ्लॅटला लोखंडी सेफ्टी डोअर असतं. चौकटीवरचं लांब तोरण त्या दारात अडकतं, डोक्याला लागतं. दहा-बारा इंचांचं गोल तोरण एका हुकावर दाराच्या मध्यभागी बसतं. जुन्या चौकटीच्या घरांसाठी लांब तोरणही करा, पण सुरुवात गोलापासून करा. ते खोक्यात बसतं, पाठवता येतं, आणि चौकातल्या पाटीवर तसं दुसरं कुणाकडे नसतं.

माल कधी आणि कुठून?

गव्हाच्या ओंब्या हा मुख्य माल. आपल्याकडे गहू फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतो. हार्वेस्टर शेतात शिरायच्या आधी ओंब्या हाताने कापून घ्यायच्या, कारण नंतर काडाचा चुराडा हाती येतो. पीक पूर्ण वाळायची वाट बघू नका. काडी पिवळी झाली आहे, दाणा घट्ट आहे, पण ओंबी हलवली तर दाणा गळत नाही, अशा वेळी कापा. ओंबीखाली वीतभर काडी ठेवा.

किती लागतील? एका बारा इंची गोल तोरणाला साधारण ११४ ओंब्या लागतात, हिशेब पुढे देते. १०० तोरणांना ११,४०० झाल्या. आकडा मोठा वाटतो, पण चांगल्या पिकात एका चौरस मीटरला ३०० च्या आसपास ओंब्या असतात. तुटक्या-वाकड्या वगळल्या तरी अर्धा गुंठा पुरतो. स्वतःचं शेत नसेल तर शेजारच्या शेतकऱ्याला अर्ध्या गुंठ्याचे पैसे रोख द्या. फुकट मागू नका. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याच बांधावर जायचं आहे.

जवसाची बोंडं त्याच सुमारास मिळतात. सोनेरी, गोल, लहान मण्यांसारखी. गव्हात मधेमधे घातली की तोरणाला उठाव येतो.

कापसाची उघडी बोंडं नोव्हेंबर ते जानेवारीत घ्या. वेचणी संपलेल्या पऱ्हाटीवर मागे राहिलेली चार-दोन बोंडं फांदीसकट कापा. पांढरा कापूस आणि तपकिरी टरफल, हे तर आपल्या विदर्भाचं फूलच.

कुरडू ऑक्टोबरात शेताच्या बांधावर तण म्हणून उभा असतो. गुलाबी-पांढरे तुरे वाळल्यावरही बराच रंग धरून ठेवतात. निंदणात फेकता, ते गोळा करा.

ज्वारीची कणसं एकेकाळी आपल्याकडे घरोघरी होती, आता सोयाबीनमुळे कमी झाली. मिळाली तर अख्खं कणीस वापरू नका, जड होतं. कणसाच्या छोट्या फांद्या सुट्या करून वापरा.

सगळा माल मूठमूठ बांधून, तोंड खाली करून, सावलीत आणि वाऱ्यावर दोन-तीन आठवडे टांगा. सुरुवातीपासून कडक उन्हात टाकला तर रंग उडतो आणि काडी कडकडीत होऊन मोडते.

कसं बांधायचं?

१. गोल कडं. बुरूड कारागिरांकडून बांबूच्या बोटभर रुंदीच्या कामट्या घ्या. बारा इंच व्यासाचा परीघ होतो जवळपास ३८ इंच. एकावर एक चढवून बांधायला चार इंच जास्त, म्हणजे ४२ इंचांची कामटी. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी हळूहळू वाकवा, टोकं एकमेकांवर चढवून सुतळीने दोन जागी घट्ट बांधा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या कड्यावर ओंब्या बांधल्या तर आत बुरशी धरते.

२. जुड्या. सारख्या लांबीच्या सहा ओंब्यांची एक जुडी. खालच्या काड्या चार बोटं ठेवून कापा. आधी सगळ्या जुड्या बांधून घ्या, मग कडं हातात घ्या. एक जुडी बांध, एक लाव, असं केलं तर वेळ दीडपट जातो.

३. चढवणं. पहिली जुडी कड्यावर ठेवून सुतळीचे तीन वेढे घट्ट द्या. सुतळी तोडू नका. दुसरी जुडी दोन इंच मागे अशी ठेवा की तिच्या ओंब्यांनी पहिलीच्या काड्या झाकल्या जातील. सगळ्या जुड्यांची तोंडं एकाच दिशेला. ३८ इंचांच्या घेराला दर दोन इंचांवर एक म्हणजे १९ जुड्या. १९ गुणिले ६, झाल्या ११४ ओंब्या.

४. शेवटची जुडी. इथेच नवशिक्याचं काम ओळखू येतं. पहिल्या जुडीच्या ओंब्या अलगद उचला, त्यांच्याखाली शेवटच्या काड्या सरकवा, गाठ मागच्या बाजूला मारा. समोरून सुरुवात आणि शेवट दिसता कामा नये.

५. सजावट. तळाशी डाव्या बाजूला कापसाची तीन बोंडं, जवसाचा झुपका, खणाची छोटी पट्टी. सगळीकडे सगळं लावू नका. मागच्या बाजूला सुतळीचे पाच सैल फास ठेवा, गिऱ्हाइकाला ताजी फुलं खोचण्यासाठी. वर टांगायला एक पक्की कडी.

पहिलं तोरण तीन तास खाईल. घाबरू नका. दहाव्या तोरणापर्यंत तुम्ही सवा तासावर याल. प्रत्येक तोरणाला लागलेला वेळ मोबाईलवर लावून वहीत लिहा. ही वही तुमच्या कात्रीइतकीच गरजेची आहे.

माझी दुसरी चूक: ४० तोरणं किडली

फुलांनंतरच्या वर्षी मी ओंब्यांची ४० तोरणं उन्हाळ्यात बांधली. छान झाली होती. पोत्यात भरून माळ्यावर ठेवली आणि सप्टेंबरात उतरवली. पोतं उघडलं तर खाली पिठासारखी भुकटी आणि त्यात सोंडे चालत होते. दाणे पोखरलेले, ओंब्या रिकाम्या. दोन महिन्यांचं काम उकिरड्यावर गेलं.

चूक साधी होती. मी त्याला सजावट समजत होते, पण ते धान्यच होतं. आपली आजी धान्य जसं साठवायची तसंच हेही साठवायचं. सावलीत वाळल्यावर शेवटचे दोन दिवस कडक ऊन द्या. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. मग घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात किंवा पिंपात, तळाला आणि मधे वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. तोरणं एकमेकांवर दाबून भरू नका, मधे कागद घाला. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, उघडीप बघून डबा उघडा, तोरणं झटका, दोन तास ऊन दाखवा आणि थंड झाल्यावर परत भरा. डबा जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवा, ओल आणि उंदीर दोन्ही लांब राहतात.

एवढं करूनही शंभरातली काही खराब होतीलच. म्हणून किमतीत तुटफूट धरायची. ती कशी, ते आता बघू.

हिशेब: गहू चार रुपयांचा, मग किंमत कशाची?

११४ ओंब्यांतला दाणा साधारण दीडशे ग्रॅम भरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता. त्या भावाने दीडशे ग्रॅमचे चार रुपयेही होत नाहीत. गिऱ्हाईक हेच म्हणणार, "चार रुपयाच्या गव्हाचे एवढे पैसे?" त्याला उत्तर देण्याआधी स्वतःला उत्तर द्या. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे भाव त्यात घाला.

- बांबूची कामटी: १० रुपये
- सुतळी: ६ रुपये
- ओंब्या, जवस, बोंडं (कापणी-वाळवणीसह): २० रुपये
- खणाची पट्टी: १४ रुपये
- पुठ्ठ्याचा खोका: २५ रुपये
- मालाची बेरीज: ७५ रुपये
- मजुरी, सवा तास, तासाला ६० रुपयांनी: ७५ रुपये
- आतापर्यंत: १५० रुपये
- तुटफूट, शेकडा १०: १५ रुपये
- गाडीभाडं आणि स्टॉलचा वाटा: १५ रुपये
- एकूण पडलेली किंमत: १८० रुपये

मजुरीची ओळ नीट बघा. हे काम तुम्ही स्वतः केलं, सुनेने केलं, आईने केलं, तरी ७५ रुपये लिहायचे म्हणजे लिहायचेच. आपल्याकडे घरच्या बाईचे तास फुकट धरायची सवय आहे. तेच तास ती दुसऱ्याच्या शेतात देते तेव्हा त्याला मजुरी म्हणतात, आणि घरच्या धंद्यात देते तेव्हा 'बसल्या बसल्या केलं' म्हणतात. या एका वाक्याने किती घरगुती धंदे बुडाले असतील, ते तुमच्याच गल्लीत मोजून बघा. मजुरी आधी, नफा नंतर. नफा उरला नाही तर किंमत वाढवा किंवा वेळ कमी करा, पण मजुरी खोडू नका.

आता विक्रीची किंमत. समजा तुम्ही २४० ठेवली. थेट विकलं तर ६० रुपये नफा. ठीक वाटतं. पण अकोल्याच्या एखाद्या भेटवस्तूच्या दुकानाने माल मागितला आणि शेकडा ३० कमिशन सांगितलं, तर २४० मधले ७२ त्याचे. तुमच्या हातात १६८, आणि वस्तू पडली १८० ला. म्हणजे प्रत्येक तोरणामागे १२ रुपये घालून तुम्ही दुकान सजवताय!

म्हणून छापील किंमत पहिल्या दिवशीच दुकानाचा वाटा धरून ठरवा. ३४० ठेवली तर दुकानाचे १०२ जाऊन २३८ येतात, ५८ उरतात. स्टॉलवर थेट विकलं तर १६०. आणि दोन्हीकडे किंमत एकच ठेवा. स्टॉलवर २४० आणि दुकानात ३४० दिसलं, तर दुकानदार दुसऱ्यांदा फोन उचलणार नाही.

३४० रुपये आपल्या चौकात कुणी देईल का? फार कमी लोक देतील. म्हणूनच पुढचा मुद्दा.

विकायचं कुठे?

चौकात झेंडूच्या शेजारी बसू नका. तिथलं गिऱ्हाईक ४० रुपयांचं तोरण घ्यायला आलेलं आहे. ते चूक नाही, ते तुमचं नाही, इतकंच.

घटस्थापनेच्या आधी महिनाभर सुरुवात करा. पहिली दहा तोरणं ओळखीच्या बँकेत, दवाखान्यात, दिवाळीच्या भेटी देणाऱ्या व्यापाऱ्यांकडे दाखवायला न्या. फोटो नेऊ नका, वस्तू न्या. ओंब्यांवरून हात फिरवला की माणूस थांबतो. एकाच व्यापाऱ्याची २० नगांची ऑर्डर तुमच्या दोन दिवसांच्या स्टॉलइतकी असते, आणि अशा ऑर्डरला अर्धी रक्कम आधी घ्या.

दुसरं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत आहे. आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांतली मुलं तिकडे नोकरीला आहेत! गावच्या गव्हाचं तोरण त्यांच्या फ्लॅटच्या दारावर लागणं, ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागत नाही. पण पाठवताना सांभाळा. बहुतेक खासगी कुरिअरवाले हलक्या पण मोठ्या खोक्याचं वजन मापावरून धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात. ३५ बाय ३५ बाय ८ चा खोका केला तर उत्तर येतं १.९६. म्हणजे तोरण पाव किलोचं असलं तरी पैसे दोन किलोचे! म्हणून सुटं सुटं पाठवण्यापेक्षा एका सोसायटीतल्या आठ-दहा ऑर्डर एकत्र करा, एकाच मोठ्या खोक्यात घाला आणि एसटी पार्सलने किंवा गावी आलेल्या नातेवाइकासोबत पाठवा.

बचत गटात असाल तर 'उमेद'च्या तालुका कार्यालयात प्रदर्शनांची चौकशी आधीपासून करा. मुंबईतलं महालक्ष्मी सरस हे त्यातलं मोठं. तिथे बसायचं तर २० तोरणं घेऊन चालत नाही, माल तयार लागतो. उन्हाळ्यात बांधलेला माल तिथे कामाला येतो.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक ताकद म्हणजे बंजारा भरतकाम. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ ला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून बाहेरच्या लोकांचं लक्षही या वारशाकडे गेलं आहे. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. खणाच्या पट्टीऐवजी आरसे आणि कवड्यांची हाताने भरलेली पट्टी लावली तर तोरणाची किंमत वेगळ्या पायरीवर जाते. मात्र बाजारातून छापील नक्कल आणून 'बंजारा' लिहू नका. तांड्यावरच्या बाईकडून पट्टी भरून घ्या, ती मागेल ती मजुरी द्या आणि तिची परवानगी असेल तर चिठ्ठीवर तिचं नाव छापा.

चिठ्ठीवर आणखी तीन ओळी हव्यात, आणि तिन्ही खऱ्या हव्यात. एक, गहू कुठल्या गावचा. दोन, पणती, फुलबाजी आणि उदबत्तीपासून लांब लावा, कारण हे वाळलेलं काड आहे, लगेच पेट घेतं. दिवाळीच्या वस्तूवर ही ओळ नसेल तर ती विकू नका. तीन, गॅलरीत लावलंत तर चिमण्या दाणे टिपायला येतील. ही तक्रार म्हणून येण्याआधी आपण आमंत्रण म्हणून लिहायची. दिवाळीनंतर तोरण काढून झाडाला टांगा आणि चिमण्यांना द्या, असं सांगा. फेकायला काही उरतच नाही.

कागदपत्रं आणि योजना

सुरुवातीला जास्त काही लागत नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आपल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते. राज्याबाहेर विकायचं असेल तर नियम वेगळे आहेत, तेव्हा आधी सीएला विचारा.

तोरणं, माळा बांधणाऱ्यांनी पीएम विश्वकर्मा योजना जरूर बघावी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात माळा बांधणारे मालाकार आहेत, आणि टोपल्या, चटया, झाडू करणारेही आहेत. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंतचं कर्ज ५ टक्के व्याजाने, अशी तिची रचना आहे. वय १८ पूर्ण हवं, हाताने काम करणारा स्वयंरोजगारी हवा, आणि एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. नोंदणी सीएससी केंद्रातून होते, पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत. आणि माझं नेहमीचं सांगणं: २० तोरणं विकून दाखवल्याशिवाय कर्जाच्या अर्जाला हात लावू नका.

आता काय करायचं?

हा लेख तुम्ही कुठल्याही महिन्यात वाचत असाल, आजचं काम ठरलेलं आहे. दसरा जवळ आला असेल तर घाईने १०० करू नका. घरातला गहू शोधा, शेजाऱ्याच्या कोठारात एखादी पेंढी असेल, पाच तोरणं बांधा, पाच घरांत विका आणि वेळ लिहा. हिवाळा असेल तर कापसाची बोंडं गोळा करा. मार्च असेल तर विळा घेऊन बांधावर जा, हार्वेस्टर यायच्या आत.

किडलेल्या ४० तोरणांनंतरच्या वर्षी आम्ही पुन्हा ४० च केली, कडुनिंबाचा पाला घालून. तीन खराब झाली, बाकी ३७ दसऱ्याच्या दोन दिवस आधीच संपली. जाऊबाईंची मजुरी मी मे महिन्यातच, जशी तोरणं होतील तशी दिली होती, वहीत लिहून. दसऱ्याच्या आदल्या रात्री आम्ही दहाला झोपलो. सकाळी जाऊबाई सोंगणीला गेल्या आणि मी दाराला आमचंच एक तोरण लावलं, त्यात पाच झेंडू खोचले. ते झेंडू मात्र मी चौकातून घेतले, आणि भाव न करता घेतले.

तुमच्या पहिल्या पाच तोरणांना किती वेळ लागला, तो आकडा मला नक्की कळवा. फोटो नंतर पाठवला तरी चालेल.